वाचकांचे प्रश्न : बॅन्फच्या डोंगरांत निवांत सहल आणि हलाल जेवण

प्रश्न : येत्या जुलैमध्ये आम्ही सहा जण कॅनडातील कॅल्गरी येथे राहणाऱ्या माझ्या भावाकडे जाणार आहोत आणि तिथून पाच दिवस बॅन्फ राष्ट्रीय उद्यान पाहण्याचा विचार आहे. अब्बांचे वय ७४ आहे, अम्मींच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे आणि मुले सहा व दहा वर्षांची आहेत. आम्ही जेवढे कार्यक्रम पाहिले त्या सर्वांत पहाटे चारला उठून दिवसभरात पाच-पाच ठिकाणे उरकायची असतात. तसे आम्हाला नको आहे. दुसरी अडचण जेवणाची. आमच्या घरी हलालबाबत कसोशीने पाळणूक होते आणि फलकावर नुसते ‘हलाल’ लिहिलेले पाहून अम्मींचे समाधान होत नाही. मागच्या एका सहलीत अम्मी-अब्बांनी तीन दिवस केळी, ब्रेड आणि चहावर काढले. या वेळी तसे होऊ नये, यासाठी आखणी कशी करावी?

उत्तर : तीन दिवस केळी आणि ब्रेडवर, हे वाचून मन खिन्न झाले, कारण हे अनेक घरांत घडते आणि घरातली वडीलधारी माणसे ‘आम्हाला भूकच नाही’ असे सांगून ते निभावून नेतात. म्हणून माझा पहिला आग्रह असा, की सरोवरे आणि शिखरे यांची यादी बाजूला ठेवून आधी स्वयंपाकघराचा निर्णय घ्या. डोंगरातल्या सहलीत धावपळ होते ती बहुतेक वेळा प्रेक्षणीय स्थळांमुळे होत नाही. दुपारी दोन वाजता सहा भुकेली माणसे गाडीत बसवून ‘इथे आपल्याला चालेल असे काही मिळेल का’ हे शोधत फिरण्यामुळे होते. जेवण कुठे, कोणते आणि कोणाच्या हातचे हे आदल्या रात्री ठरलेले असेल, तर उरलेला दिवस आपोआप मोकळा होतो.

तुमचे बंधू कॅल्गरीत आहेत ही मोठीच सोय आहे. कॅल्गरी ते बॅन्फ गाव हे अंतर सुमारे १३० किलोमीटर, म्हणजे दीड तासाचा रस्ता आहे. कॅल्गरीत मुस्लिम वस्ती मोठी आहे, मशिदी अनेक आहेत आणि हलाल मांसाची दुकानेही पुष्कळ आहेत; डोंगरात शिरल्यावर मात्र ही सोय झपाट्याने कमी होते. बॅन्फ गावाची लोकसंख्या आठ हजारांच्या आसपास आणि वर्षाकाठी येणारे पर्यटक चाळीस लाखांहून अधिक, असा तिथला हिशेब आहे. त्यामुळे उपाहारगृहे भरपूर आहेत, पण ती सर्व प्रकारच्या पर्यटकांसाठी आहेत. हलाल पदार्थ देणारी काही ठिकाणे मिळतात. मात्र मालक, आचारी आणि पुरवठादार बदलत राहतात. म्हणून गेल्या वर्षी कोणी सांगितलेल्या नावावर विसंबू नका. निघण्याच्या आठवड्यात दूरध्वनी करून स्वतः खात्री करून घ्या.

मुक्कामासाठी मी कॅन्मोर सुचवीन. हे गाव उद्यानाच्या प्रवेशद्वाराच्या थोडे अलीकडे, बॅन्फपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे आणि तिथे पूर्ण स्वयंपाकघर असलेल्या सदनिका भाड्याने मिळतात. बॅन्फ गावातही अशा जागा आहेत. गाव कोणतेही निवडा, पण पाचही रात्री एकाच ठिकाणी राहा. सामान रोज बांधणे-सोडणे हेच वयस्कर माणसांना सर्वांत अधिक थकवते, आणि जागा बदलली की स्वयंपाकाची घडीही मोडते. खोली ठरवताना स्वयंपाकघरात शेगडी, ओव्हन आणि मोठा फ्रीज आहे का, हे विचारा. पुष्कळ हॉटेलांत ‘किचनेट’ म्हणजे फक्त मायक्रोवेव्ह आणि मुठीएवढा फ्रीज असतो. अम्मींसाठी तळमजला किंवा लिफ्ट हवी, हेही त्याच वेळी सांगून टाका.

भाड्याच्या स्वयंपाकघरात आधी कोणी काय शिजवले असेल हे आपल्याला माहीत नसते. स्टीलची आणि काचेची भांडी नीट धुऊन वापरता येतात असे मानणारे पुष्कळ आहेत, तरी मनाला रुखरुख नको असेल तर एक पातेले, एक तवा, एक सुरी आणि एक लाकडी डाव भावाच्या घरून सोबत घ्या. ओव्हनमध्ये ॲल्युमिनियमचे वापरून टाकायचे ट्रे वापरले की प्रश्नच मिटतो. मांस कॅल्गरीतच विकत घेऊन, मसाला लावून, एकेका जेवणापुरत्या पिशव्यांत सपाट पसरून गोठवून घ्यावे. अशा चपट्या पिशव्या आइसबॉक्समध्ये पुस्तकांसारख्या उभ्या लावता येतात, त्याच एकमेकींसाठी बर्फाचे काम करतात आणि संध्याकाळी अर्ध्या तासात सुटतात. खिमा पहिल्या रात्री, कोंबडी दुसऱ्या-तिसऱ्या रात्री आणि शेवटच्या दिवसांसाठी डाळ, अंडी व मासे, असा क्रम ठेवला तर काही वाया जात नाही. थंड ठेवायचे पदार्थ ४ अंश सेल्सिअसच्या खाली राहायला हवेत आणि बाहेर काढल्यावर दोन तासांहून अधिक वेळ तसेच ठेवू नयेत. थंड हवेचा प्रदेश असला तरी जुलैच्या उन्हात उभी केलेली गाडी भट्टीसारखी तापते.

आता अम्मींच्या शंकेविषयी. त्यांची शंका रास्त आहे आणि कॅनडाच्या कायद्यानेही तिची दखल घेतलेली आहे. ४ एप्रिल २०१६ पासून त्या देशात असा नियम लागू आहे, की ज्या खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर किंवा जाहिरातीत ‘हलाल’ असा दावा असेल, तिथे तो दावा प्रमाणित करणाऱ्या संस्थेचे किंवा व्यक्तीचे नाव दिलेच पाहिजे. म्हणजे पाकिटावर नुसता अरबी शब्द किंवा हिरवा शिक्का पुरेसा नाही. त्याशेजारी नाव हवे. प्रमाणित करणाऱ्या संस्था एकापेक्षा अधिक आहेत आणि त्यांचे निकष सारखे नाहीत. काही संस्था यंत्राने केलेली कत्तल ग्राह्य धरतात, तर काही फक्त हाताने केलेला जबीहाच (धर्मविधीप्रमाणे केलेली कत्तल) मान्य करतात. जनावराला आधी बधिर करण्याबाबतही मतभेद आहेत. तुमच्या घरी यांपैकी काय चालते हे निघण्यापूर्वीच आपसांत ठरवा, कारण दुकानातल्या फ्रीजसमोर उभे राहून ही चर्चा करणे कोणालाच सुखाचे होत नाही. अम्मींना पटेल अशा एका संस्थेचे नाव निश्चित करा, तिचे चिन्ह सर्वांच्या मोबाइलमध्ये ठेवा आणि तेच चिन्ह शोधायचे काम दहा वर्षांच्या मुलाकडे किंवा मुलीकडे सोपवा. मुले हे काम फार मन लावून करतात.

भारतातून निघताना मांसाचा किंवा मांसाचा अंश असलेला कोणताही पदार्थ सोबत नेऊ नका. तसे पदार्थ कॅनडात साधारणपणे येऊ देत नाहीत. मसाले, पापड, चिवडा असे जे काही न्याल, ते विमानतळावर न चुकता जाहीर करा. विमानातल्या जेवणासाठी ‘मुस्लिम मील’ची नोंदणी तिकीट काढतानाच करून टाकावी.

दिवस कसा घालवावा, याबाबतीत जुलै महिना तुमच्या बाजूचा आहे. बॅन्फ सुमारे ५१ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे जुलैच्या पूर्वार्धात सूर्य रात्री पावणेदहानंतर मावळतो. तिथल्या घड्याळाप्रमाणे जुहरची, म्हणजे दुपारच्या नमाजेची, वेळ दुपारी पावणेदोननंतर सुरू होते आणि असरची, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजेची, शाफई विधिपरंपरेच्या पद्धतीने साधारण सहाच्या पुढे, हनफी परंपरेच्या पद्धतीने सव्वासातनंतर. याचा अर्थ असा, की सकाळी न्याहारी करून निवांत नऊला निघालात तरी जुहरपर्यंत पावणेपाच तास हातात असतात. दुपारी जेवण आणि नमाज आटोपून खोलीवर परतावे, अम्मी-अब्बांनी पडावे, मुलांनी खेळावे. असरनंतर पुन्हा बाहेर पडलात तरी अडीच-तीन तास उजेड असतो आणि त्या वेळी गर्दी ओसरलेली असते. पहाटे चारला उठवणारे कार्यक्रम ज्या शांततेच्या शोधात असतात, ती शांतता संध्याकाळी सातलाही बऱ्यापैकी मिळते. इशाची, म्हणजे रात्रीच्या नमाजेची, गोष्ट मात्र वेगळी आहे. या अक्षांशावर जूनच्या अखेरीस मध्यरात्रीही सूर्य क्षितिजाखाली पुरता १८ अंश, म्हणजे इशाच्या वेळेसाठी अनेक जण धरतात तितका, उतरत नाही, त्यामुळे वेगवेगळी वेळापत्रके इशाच्या वेगवेगळ्या वेळा दाखवतात. कॅल्गरीतील ज्या मशिदीत भाऊ जातात, तिथले वेळापत्रक घ्या, आणि प्रवासातील कस्र (नमाज आखूड करणे) व जमा (दोन नमाजा एकत्र करणे) यांविषयी तिथल्या इमामांनाच विचारा. किबला, म्हणजे नमाजेची मक्केकडची दिशा, तिथून खऱ्या उत्तरेच्या थोडा पूर्वेकडे, सुमारे २४ अंशांवर येतो. भारतातून पश्चिमेकडे तोंड करण्याची सवय असलेल्या अब्बांना याचे आश्चर्य वाटेल. त्यांना पृथ्वीचा गोल दाखवून मक्केपर्यंतचा सर्वांत जवळचा मार्ग बोटाने आखून दाखवा. पाहता पाहता बोट उत्तर ध्रुवाच्या बाजूने जाईल.

पाच दिवसांत पाचच गोष्टी करा, असे मी म्हणेन. पहिला दिवस पोहोचण्याचा, सामान लावण्याचा आणि संध्याकाळी बॅन्फ गावाजवळच्या व्हर्मिलियन सरोवरांच्या काठाने गाडीतूनच रमतगमत जाण्याचा. दुसरा दिवस मिनेवांका सरोवराचा. तिथे तासाभराची बोटीची फेरी आहे, जिच्यात कोणाला चालावे लागत नाही. अब्बांना सांगा, की १९४१ साली धरणामुळे पाणी चढले आणि काठावर वसलेले मिनेवांका लँडिंग हे छोटे सुट्टीचे गाव त्या पाण्याखाली गेले. ते अजूनही तिथेच तळाशी आहे आणि पाणबुडे ते पाहायला जातात. त्याच रस्त्यावर कॅस्केड पाँड्स ही सहलीची जागा आहे. लाकडी मेजे, उथळ तळी, लहान पूल आणि समोर कॅस्केड पर्वताची भिंत, असे तिचे रूप आहे. दुपारचे जेवण तिथे न्यावे. मी तिथे बसून डबा उघडला तेव्हा दोन मिनिटांत एक करड्या पाठीची जमिनीवरची खार बाकाखाली येऊन मागच्या पायांवर उभी राहिली आणि एकटक डब्याकडे पाहू लागली. मुलांना तिला तुकडा टाकावासा वाटतोच, पण तो टाकू देऊ नका; त्याचे कारण पुढच्या उत्तरात आहे.

तिसरा दिवस लेक लुईस आणि मोरेन या सरोवरांसाठी ठेवा आणि याच दिवसाची नोंदणी सर्वांत आधी करा. मोरेन सरोवराच्या रस्त्यावर २०२३ पासून खासगी गाड्यांना बंदी आहे, आणि लेक लुईसच्या काठावरचा वाहनतळ उन्हाळ्यात सकाळीच भरून जातो. उद्यान प्रशासनाची शटल बस लेक लुईसच्या स्की केंद्राजवळच्या वाहनतळावरून सुटते. एकाच आरक्षणात दोन्ही सरोवरे पाहता येतात, कारण दोहोंमध्ये जोडबस चालते. काही जागा वसंत ऋतूत खुल्या होतात आणि उरलेल्या प्रवासाच्या दोन दिवस आधी सकाळी आठ वाजता खुल्या होतात. पहिली खेप हुकली तरी निराश होऊ नका. दोन दिवस आधी आठच्या ठोक्याला भावाला संगणकासमोर बसवा. लेक लुईसच्या काठाने सुमारे दोन किलोमीटरची सपाट वाट आहे. अम्मींनी जमेल तितके चालावे आणि बाकावर बसून समोरच्या व्हिक्टोरिया हिमनदीकडे पाहावे. पाण्याचा तो निळसर-हिरवा रंग पाहून मुले विचारतीलच. हिमनदी खडकावरून सरकताना खडक दळला जाऊन पिठासारखी बारीक पूड होते, ती पाण्यात तरंगत राहते आणि प्रकाश विखुरते, म्हणून रंग असा दिसतो. शटलच्या दिवशी गाडी हाताशी नसते, त्यामुळे पाठीवरच्या पिशवीत मावेल असे कोरडे जेवण हवे: पराठे, उकडलेली अंडी, फळे आणि थर्मासमध्ये चहा. पाण्याची एक जादा बाटलीही घ्या. या भागातल्या पुष्कळ शौचालयांत पाण्याचा नळ नसतो, आणि वुजूसाठी (नमाजेपूर्वी हातपाय धुण्यासाठी) सरोवराच्या निसरड्या काठावर अब्बांनी वाकू नये.

चौथ्या दिवशी काहीच ठरवू नका. खरोखरच मोकळा ठेवा. आदल्या दिवसाचा शीण असतो आणि डोंगरात एक दिवस पाऊस येतोच. आला नाही तर त्या दिवशी सल्फर पर्वतावरच्या गोंडोलाने (बंद डब्यांच्या रोपवेने) वर जा. आठ मिनिटांत २,२८१ मीटर उंचीवर पोहोचता येते आणि वरच्या गच्चीतून सहा पर्वतरांगा दिसतात. पुढे सॅन्सन शिखराकडे जाणाऱ्या लाकडी वाटेला मात्र पुष्कळ पायऱ्या आहेत. अम्मींनी तिकडे जाऊ नये. पाचव्या दिवशी शक्ती असेल तर आइसफील्ड्स पार्कवेने बो सरोवरापर्यंत जाऊन परत या. हा रस्ता लेक लुईसपासून जॅस्परपर्यंत सुमारे २३० किलोमीटरचा आहे आणि लोक तो एका दिवसात जाऊन-येऊन करतात, पण तुम्ही तो मोह टाळा. बो सरोवर लेक लुईसपासून साधारण अर्ध्या तासावर, अगदी रस्त्यालगत आहे. त्या रस्त्यावर मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज नसते आणि पेट्रोल व खाण्याची ठिकाणे फारच थोडी आहेत, तेव्हा टाकी आणि डबा दोन्ही भरून निघा.

बॅन्फ गाव १,३८३ मीटर उंचीवर आहे, त्यामुळे उंचीचा त्रास सहसा होत नाही. जुलैत दुपारी २२ अंशांच्या आसपास आणि पहाटे ७ अंशांच्या आसपास तापमान असते, म्हणून अब्बांचे स्वेटर गाडीतच राहू द्या. जुलैच्या अखेरीपासून वणव्यांचा धूर येऊ शकतो. जुलै २०२४ मध्ये शेजारच्या जॅस्पर गावाचा मोठा भाग वणव्यात जळाला, हे तिथले लोक अजून विसरलेले नाहीत. दम्याचा त्रास कोणाला असेल तर महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात जाणे बरे. उद्यानात शिरताना साधारणपणे प्रवेशशुल्क भरावे लागते. एका गाडीतून येणाऱ्या सात जणांपर्यंत कौटुंबिक पास मिळतो आणि १७ वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेश विनामूल्य आहे.

प्रश्न : आम्ही दोन कुटुंबे बॅन्फमध्ये तंबूत राहणार आहोत आणि हलाल मांस नेऊन तिथेच निखाऱ्यावर भाजण्याचा बेत आहे. अस्वलांची भीती वाटते. असे करणे योग्य आहे का?

उत्तर : योग्य आहे, पण नियम अक्षरशः पाळून. अस्वल येते ते वासाने. तिथे ‘मोकळी तंबूजागा’ असा नियमच आहे: तुम्ही तिथे नसताना किंवा झोपलेले असताना अन्न, आइसबॉक्स, न धुतलेले पातेले, शेगडी, तेलाची बाटली, कचरा, इतकेच काय पण टूथपेस्टदेखील बाहेर किंवा तंबूत राहता कामा नये. हे सर्व बंद गाडीत किंवा तिथल्या लोखंडी पेटीत जायला हवे. मसाला लावलेले मांस भाजताना हाताला आणि कपड्यांना लागलेला वास हीच मोठी अडचण असते, म्हणून ज्या कपड्यांत भाजले त्यांत झोपू नका आणि ते कपडेही गाडीत ठेवा. भांडी धुतलेले पाणी झुडपात न ओतता नेमून दिलेल्या जागीच ओता.

वन्य प्राण्यांना खायला घालणे हा तिथे गुन्हा आहे आणि त्यासाठी २५,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. हा नियम खारीलाही लागू आहे. दंडापेक्षा मला दुसरीच गोष्ट अधिक लागते. माणसाच्या अन्नाची चटक लागलेले अस्वल वस्तीकडे वारंवार येऊ लागते आणि शेवटी पुष्कळदा त्याला ठार करावे लागते. आपल्या एका विसरलेल्या डब्यामुळे तसे होऊ नये. अस्वल, लांडगा, कोयोट (लांडग्यासारखा लहान प्राणी) यांच्यापासून १०० मीटर आणि एल्क (मोठ्या जातीचे हरीण), हरीण, मेंढा यांच्यापासून ३० मीटर अंतर ठेवावे. अस्वलांसाठीचा मिरचीचा फवारा विमानात नेता येत नाही. तो कॅन्मोर किंवा बॅन्फमध्ये घ्यावा, पिशवीत न ठेवता कमरेला लावावा आणि तो कसा वापरायचा हे दुकानदाराकडून हातात घेऊन समजून घ्यावे.

निखाऱ्यावर भाजण्याविषयी एक सूचना. तंबूजागांवरच्या आणि सहलीच्या जागांवरच्या लोखंडी जाळ्यांवर आधीच्या लोकांनी डुकराचे सॉसेज भाजलेले असण्याची दाट शक्यता असते. घासून त्या स्वच्छ होतील या भरवशावर न राहता स्वतःची घडीची जाळी न्या, किंवा निदान जाड फॉइलचे दोन थर द्या. वणव्याच्या दिवसांत उघड्या आगीवर बंदी येते, तेव्हा गॅसची छोटी शेगडी सोबत असू द्या. मुलांना शेकोटीवर मार्शमेलो भाजायचे असतील, आणि तिथे गेल्यावर ते असतातच, तर नेहमीच्या मार्शमेलोतले जिलेटिन बहुधा डुकराचे असते हे ध्यानात ठेवा. गाईच्या हलाल जिलेटिनपासून केलेले मार्शमेलो कॅल्गरीतल्या हलाल दुकानांत शोधा आणि आधीच घेऊन ठेवा. शेजारच्या तंबूतली मुले काठ्या घेऊन शेकोटीभोवती बसलेली असताना आपल्या मुलांना नुसते ‘नाही’ म्हणावे लागणे फार जड जाते.

प्रश्न : कार्यालयातील आम्ही आठ मित्र बॅन्फला जात आहोत. आठांत हलाल पाळणारा मी एकटा आहे. सर्व जण बाहेरच जेवणार. प्रत्येक ठिकाणी चौकशी करून इतरांचा खोळंबा करणे मला प्रशस्त वाटत नाही. काय करावे?

उत्तर : तुमचा संकोच समजतो, पण तो मनातून काढून टाका. कॅनडातल्या उपाहारगृहांना असल्या प्रश्नांची पूर्ण सवय आहे. कोणाला शेंगदाणे चालत नाहीत, कोणाला गहू चालत नाही, आणि वाढणारी माणसे रोज अशी उत्तरे देत असतात. फक्त चौकशी मेजावर बसल्यावर न करता आधी, दुपारी तीन ते चारच्या दरम्यान दूरध्वनीवर करा. त्या वेळी स्वयंपाकघर रिकामे असते आणि आचारी स्वतः बोलू शकतो.

‘तुमच्याकडे हलाल आहे का’ एवढेच विचाराल तर ‘हो’ हे उत्तर पुष्कळदा सद्भावनेने दिले जाते आणि त्याचा अर्थ ‘आमच्याकडे डुकराचे मांस नसलेले पदार्थ आहेत’ इतकाच असतो. नेमके विचारा: कोणते मांस हलाल आहे, सर्व की फक्त कोंबडी, प्रमाणपत्र कोणाचे आहे, ते मांस आणि बेकन (डुकराचे खारवलेले मांस) एकाच तव्यावर किंवा एकाच तळणाच्या तेलात जातात का. एकदा मी हे विचारल्यावर वाढणारी तरुणी क्षणभर थांबली, आत गेली आणि कोंबडीच्या खोक्याचा फाडलेला पुठ्ठाच घेऊन आली. त्यावर प्रमाणित करणाऱ्या संस्थेचे नाव छापलेले होते. ‘मलाही आज कळले’ असे ती म्हणाली. मला वाटलेले समाधान त्या जेवणाच्या चवीहून मोठे होते.

मांस मशकूक (संशयास्पद) वाटले तर मासे आणि शाकाहारी पदार्थ उरतात, पण तिथेही काही जागा पाहून ठेवा. माशावरच्या लोणीच्या पातळ सॉसमध्ये पांढरी वाइन घालतात. रिसोटो या इटालियन भातातही ती असते. माशाच्या दाट सूपमध्ये बेकनचे तुकडे घालण्याची पद्धत आहे. सीझर सॅलडवरही बेकन भुरभुरतात. पूटिन हा कॅनडाचा लाडका पदार्थ, म्हणजे तळलेले बटाटे, चीजचे गोळे आणि वरून गरम रस्सा, दिसायला शाकाहारी असतो. तो रस्सा मात्र बहुधा गोमांसाच्या किंवा कोंबडीच्या अर्काचा असतो. सकाळचे पॅनकेक ज्या तव्यावर होतात त्यावरच बेकन परतलेले असते, तेव्हा ‘वेगळ्या, धुतलेल्या भांड्यात करून द्याल का’ असे विचारावे. बॅन्फ ज्या प्रांतात आहे त्या अल्बर्टाचे गोमांस प्रसिद्ध आहे आणि मित्र ते आवर्जून मागवतील. हलाल असल्याचे नाव-गावासह सांगितले गेले नाही, तर तुमच्यासाठी ते नाही.

बॅन्फ गावातल्या बहुतेक उपाहारगृहांत मद्य मिळते. ज्या मेजावर मद्य आहे तिथे बसणे तुम्हाला मान्य नसेल, तर ते मित्रांना निघण्यापूर्वीच स्पष्ट सांगा. ऐन वेळी उठून जाण्यापेक्षा ते सर्वांनाच सोपे जाते. पाच दिवसांतली दोन रात्रीची जेवणे अशी ठरवा, की सर्वांनी आपापले पार्सल घ्यावे आणि बो नदीकाठच्या सेंट्रल पार्कमध्ये बाकांवर बसून एकत्र खावे. जुलैत साडेनऊपर्यंत तिथे उजेड असतो, नदी शेजारून वाहत असते. जाताना खोके, हाडे आणि कागद अस्वलांना उघडता येऊ नये अशा कड्या असलेल्या कचरापेटीतच टाका. तिची कडी आत हात घालून खालून दाबावी लागते, हे पहिल्या दिवशी कोणालाच उमगत नाही.